पहिली ठेवून बाकीच्या

"मॅडम, ती वरच्या अंगाची मंगळी तुमी बंद का केलीत?"

फोनवर अंकुशच्या आवाजात राग नव्हता. दळणाचा डबा गिरणीतच राहिला का, असे विचारावे तितक्या साधेपणाने त्याने विचारले होते. मेघालीचा हात डब्यातल्या भातावर तसाच थांबला. बोईसरच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या कार्यालयाची खिडकी दुपारीही बंद असे. कारखान्यांच्या बाजूने वारा फिरला की नासलेल्या फळासारखा गोडसर वास आत येई, टेबलांवर बसे आणि मग दिवसभर उठत नसे. बंद खिडकीतूनही तो आज आला होता. भाताला लागला होता. 'बंद' हा शब्द तिने गेल्या काही महिन्यांत इतक्या वेळा लिहिला होता की तो माणसांविषयी असतो हे तिच्या कानाला आता नवे वाटले.

"बंद म्हणजे?" तिने विचारले.

"म्हणजे तिची पुडी येत नाय ना. गेल्या म्हयन्यात नाय, या म्हयन्यात पन नाय. खालच्या मंगळीचीच आली. दोघी वाटून खातात."

"काय वाटून खातात?"

"गोळ्या, दुसरं काय? अर्ध्या हिला, अर्ध्या तिला. मी बोललो, ही काय मासळी हाय का वाटे घालायला? तर माला खालची मंगळी बोलते, आमचं नाव एकच, म्हून पुडी एकच धाडली आसंल, तू गप ऱ्हा." तो जरासा हसला आणि लगेच हसू गिळल्यासारखा थांबला. "पन आता खालचीला धाप लागलीय मॅडम. छाती दुखते बोलते. डोळं पिवळं झालेत."

"अरे, मग तिला आधी दवाखान्यात हलव! मला फोन काय करतोस?"

"जीप सांगलीय. संध्याकाळपर्यंत येल बोलला. म्हटलं तवर तुमाला इचारावं."

फोन ठेवल्यावर मेघालीने डब्याचे झाकण लावले. समोर संगणकाच्या पडद्यावर तक्ता उघडा होता, जसा तो रोजच असे. ओळींखाली ओळी, ओळींखाली ओळी. संस्थेचे काम सरळ होते. डोंगरातल्या पाड्यांवर ज्यांच्या रक्तात सिकलसेलचा आजार आहे त्यांची शिबिरांतून नोंद करायची आणि प्रत्येकाच्या नावाने महिन्याच्या गोळ्यांची पुडी बांधून पाठवायची. ज्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात 'चालू' त्या ओळीची पुडी बांधली जाई. 'बंद' असेल तिची नाही. पुड्या अंकुशसारख्यांकडे जात, तो त्या घरोघर नेऊन देई. मेघालीने पाडा निवडला, नाव निवडले. पडद्यावर दोनच ओळी उरल्या. मंगळी. मंगळी. आडनाव एक, पाडा एक, जन्मतारीख एक. पहिलीपुढे चालू, दुसरीपुढे बंद. दोन ओळी एकीखाली एक अशा निवांत पडल्या होत्या, एकाच वाकळेखाली झोपलेल्या दोघी बहिणींसारख्या, आणि कोणीतरी एकीवरून वाकळ ओढून घेतली होती.

ते कोणीतरी म्हणजे ती स्वतः. दिवाळी उलटून गेल्यानंतरची एक उजळ, कोरडी सकाळ होती. प्रदीपसर, म्हणजे कार्यालयाचे प्रमुख, चहाचा कप घेऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले होते. शिबिरे वेगवेगळी झाली, तोच माणूस दोन दोन ठिकाणी नोंदला गेला, एकाच घरात दोन पुड्या जातात, एक गटारात पडते आणि बाहेरून पाहणी करायला येणारे लोक मग आपल्याला चोर समजतात, असे ते म्हणाले होते. आणि त्यात खोटे काही नव्हते. "एकेक शोधत बसू नकोस मेघाली, म्हातारी होशील. अट घाल. नाव, पाडा, जन्मतारीख तिन्ही सारखी असतील तिथे पहिली ठेव, बाकीच्या बंद." तिने अट लिहिली. पहिली ठेवून बाकीच्या. हुकूम देण्याआधी निवडलेल्या ओळी पडद्यावर आल्या तेव्हा तिने त्या वाचल्या होत्या, अगदी मनापासून वाचल्या होत्या. सोमी, सोमी. मंगळी, मंगळी. बुधी, बुधी. शुक्री, शुक्री. ज्या वारी जन्म त्या वाराचे नाव. आठवडा तुटून डोंगरउतारावर विखुरला आहे आणि त्याचे तुकडे बायका होऊन पाणी भरताहेत, असे काहीसे तिच्या मनात येऊन गेले होते. महाविद्यालयातली तिची जुनी खोड. शब्दांची नुसती एकाखाली एक लागलेली रांग दिसली तरी तिला तिच्यात लय ऐकू येई. त्या सकाळी तिला त्या रांगेत कविता दिसली, बाया दिसल्या नाहीत. मग तिने बटण दाबले. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि पुन्हा होता तसा आला. कुठे काही हलले नाही, पडले नाही, कोणी ओरडले नाही. प्रदीपसरांनी कप बशीत ठेवल्याचा आवाज तेवढा झाला होता.

आता ती पडद्याकडे पाहत राहिली आणि आपण काय काय वाचले नव्हते ते तिला एकेक करून दिसू लागले. साऱ्या पाड्याचा जन्म एक जानेवारीचा होता. कोणाला तारीख ठाऊक नाही, वय विचारले तर 'तिशीची आसंल' एवढेच; लिहिणारा अंदाजाने वर्ष घाली आणि उरलेला दिवस-महिना यंत्र आपल्या मनाने भरी. म्हणजे वर्षाच्या पहिल्या दिवशी, अंदाजाच्या त्याच त्याच वर्षांत, अख्खा डोंगर जन्माला आला होता. आणि जो रकाना दोघींना वेगळे करू शकला असता तो पतीच्या नावाचा रकाना दोन्हीकडे मोकळा होता. तो का मोकळा होता हे तिला कोणी सांगायला नको होते. तिची आई आजही पालघरजवळच्या माहीमच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालताना नवऱ्याविषयी बोलायची वेळ आली की 'आमच्या घरातलं मानूस' म्हणते आणि तेवढ्यावरच डोक्यावरचा पदर सारखा करते. शिबिरात टेबलामागे बसलेल्याने विचारले असेल, नवऱ्याचे नाव? ती लाजून हसली असेल, शेजारणीकडे पाहिले असेल. मागे रांग लांब होती. लिहिणारा पुढे सरकला असेल. त्या लाजेच्या जागी तक्त्यात एक पांढरा चौकोन राहिला, आणि दोन पांढरे चौकोन एकमेकांसारखे असतात.

आईचाच आवाज, वाळत्या मासळीच्या वासासकट, तिच्या मागे येऊन उभा राहिला. "खा गो, दोघींचं खा." लहानपणी ताटात उरले की आई असे म्हणे. दुसरी कोण, हे मेघालीला कळायला लागल्यापासून माहीत होते; घरात ते कधी लपवले गेले नव्हते, कधी मोठ्याने सांगितलेही गेले नव्हते. तिच्या आधी एक मेघाली झाली होती. ती काही महिन्यांची होऊन तापाने गेली. तिच्या जाण्याची नोंद करायला कोणी गेले नाही. एवढ्याशा जिवाचे जाणे कुठे जाऊन सांगायचे? पुढे ही झाली तेव्हा वडील म्हणाले होते, "कागद हाय ना घरात, आनखी कशाला फेऱ्या मारायच्या?" तोच कागद, तेच नाव, तीच तारीख. शाळेत ती वर्गात सगळ्यांत बुटकी असे, कारण कागदावर ती होती त्याहून मोठी होती. वाढदिवसाला शेजारच्या बाया ओवाळून जात तेव्हा पाटावर बसलेल्या तिला वाटे, आपण कोणाच्या तरी जागेवर बसलो आहोत आणि ती बाहेरून आली की उठावे लागेल. कोणी आली नाही. आयुष्यभर ती एका मेलेल्या मुलीच्या ओळीत राहिली होती, भाड्याच्या खोलीत राहावे तशी, भिंतीला खिळा न ठोकता. आणि ही अट तिनेच लिहिली होती. त्या माहीमच्या घरावर ही अट चालवली असती तर? पहिली ठेवून बाकीच्या. पहिली राहिली असती.

प्रदीपसर आत आले ते फोनवर बोलतच. तिने त्यांना थांबवले आणि सांगितले. सांगताना तिचा आवाज नको तितका शांत होता.

"अगं, एकाच पाड्यावर दोन मंगळ्या, एकाच दिवशी जन्मलेल्या? कोण मानेल?"

"सर, सगळा पाडाच एक जानेवारीला जन्मलाय. तुम्ही बघा तरी."

त्यांनी वाकून पाहिले. चष्मा वर सरकवून पुन्हा पाहिले. "मग वाईट झालं," ते म्हणाले, आणि ते त्यांना खरेच वाईट वाटले होते, हे त्यांच्या मानेवरून कळत होते. "त्या बाईची चालू कर. लगेच."

"आणि बाकीच्या? बुधी, शुक्री, सोमी... किती पाडे आहेत असे."

"जुनी प्रत काढ."

"जुनी प्रत रोज नव्या प्रतीखाली पुसली जाते, सर. दिवाळीनंतरचं आता काही उरलं नाही."

"तर मग तीच अट उलटी चालव. ज्या बंद केल्यास त्या पुन्हा चालू."

तेच तर तिने मघापासून मनात हजारदा चालवून पाहिले होते. शेवटच्या रकान्याला दोनच शब्द माहीत होते. त्या सकाळच्या आधीही तिथे कितीतरी 'बंद' होते. कोणी वारले होते, कोणी वीटभट्टीवर गेले ते परतले नव्हते, कोणाची नोंद खरोखरच दोनदा झाली होती. तिने घातलेला 'बंद' त्यांच्यावर जाऊन बसला, आणि एकाच शाईत दोन मजकूर लिहावे तसे सारे एकजीव झाले. आता त्या ओळींत कोण मेलेले, कोण परगावी आणि कोण दोन महिने शेजारणीच्या गोळ्यांतल्या अर्ध्या खाऊन जगते आहे, हे तक्ता सांगू शकत नव्हता. तक्त्याला लाज नव्हती, आठवण नव्हती. त्याला शेवटचा शब्द तेवढा माहीत होता.

"उलटी अट चालवली तर मेलेलेही चालू होतील," ती म्हणाली.

"मग काय, मेलेल्यांच्या नावाने गोळ्या पाठवायच्या? पुढच्या आठवड्यात पाहणीला लोक येतायत, मेघाली. ते पहिलं तेच विचारतील."

"काही दिवस पाठवू, सर. अंकुश आणि बाकीचे घरोघर जातील तेव्हा खरं काय ते लिहून देतील. तोपर्यंत मेलेल्यांच्या पुड्या परत येतील. जिवंतांच्या तरी पोचतील."

"आणि मी काय सांगू त्यांना? आमच्या संस्थेने मृतांना औषधोपचार सुरू केलेत?" त्यांनी विनोद केला, पण तो त्यांनाच लागला. ते दारापर्यंत गेले, तिथे थांबले. "एकेक विचारून कर. घाई नको." मग तिच्याकडे न पाहता, "मी बाहेर चाललोय. मी काही बघितलेलं नाही," असे म्हणून जिना उतरून गेले.

तिने अट पुन्हा लिहिली. पहिली सोडून बाकीच्या, जिथे जिथे बंद, तिथे तिथे चालू. निवडलेल्या ओळी पडद्यावर आल्या तेव्हा ती या वेळी त्या वाचू लागली, पण लयीत नाही. अडखळत, प्रत्येक नावावर थांबून, अंधारात अनोळखी घरात पाऊल टाकावे तशी. प्रत्येक नावाला ती मनातल्या मनात विचारत होती, तू आहेस का? कोणी ओ देत नव्हते. मग तिने हुकूम दिला. त्या गोड नासक्या वासाच्या दुपारी, खिडकीबाहेर सालवडच्या चाळींवर उन्हाचा पिवळा थर बसलेला असताना, तिने एका दमात कितीतरी माणसांना उठवून बसवले, आणि त्यांतले किती जण कुठल्या कुठल्या शेताच्या बांधाकडेला कधीच मातीत गेले होते हे तिला ठाऊक नव्हते. आपण देवपण केले असे तिला मुळीच वाटले नाही. झाडणाऱ्या बाईने चुकून बाहेर टाकलेले सामान केरासकट पुन्हा घरात आणावे, तसे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पालघरहून मनोरला गेली. पिशवीत तिने स्वतः बांधलेल्या दोन पुड्या होत्या. एक वरच्या मंगळीची, दोन महिन्यांची. आणि एक खालच्या मंगळीची, कारण तिची अर्धी तर शेजारणीकडे गेली होती. नाक्यावर अंकुश मोटारसायकल टेकवून उभा होता. त्याने तिला पाहिले आणि हेल्मेट काढले. एरवी तो काढत नसे.

"खालची गेली मॅडम," तो म्हणाला. "रातीच. जीप आली, निघालो पन. मनोरच्या अलीकडंच गेली."

वाहने जात होती. अहमदाबादकडे जाणाऱ्या ट्रकांच्या वाऱ्याने तिची ओढणी सारखी उडत होती आणि ती सारखी धरत होती, जणू आता करण्यासारखे तेवढेच होते.

"गोळ्या पुऱ्या मिळाल्या असत्या तर..." ती म्हणाली.

"मनोरला पोचल्यावर डाक्टर बोलला, सांगता नाय येत. पुऱ्या खाऊन पन जातात, अर्ध्या खाऊन पन राहतात." तो टाकीवरची धूळ बोटाने पुसत राहिला. "माझं पन चुकलंच ना. गेल्या म्हयन्यात पुडी कमी आली तवाच बोलायला पायजे होतं. माला वाटलं, आता दोघींत एकच देतात. वरून कमी येतं तवा आमी इचारत नाय. कधीच नाय इचारलं."

"आता परत जायचं का?" त्यानेच विचारले.

"नाही. वरच्या मंगळीची पुडी द्यायची आहे."

रस्ता सोडल्यावर वाट चढणीची होती. भात कापून गेलेली खाचरे भुरकी पडली होती, शेत भाजायच्या राबासाठी तोडलेल्या फांद्यांचे ढीग पानांसकट वाळत होते. पाड्यावर अर्ध्याअधिक घरांना कुडाची दारे ओढून बाहेरून दोरीने बांधलेली होती. माणसे कामाला खाली गेलेली. अंकुश वाटेत एक एक घर दाखवत म्हणत होता, ही शुक्री, ही पन शुक्री, "आठवड्याला वारच सात मॅडम, आमी तरी काय करू?" आणि ती त्या प्रत्येक बंद दाराकडे अशी पाहत होती, जणू आत तिने कालच उठवलेले कोणीतरी बसले असेल.

वरच्या मंगळीचे घर टेकाडावर होते. ती अंगणात नाचणी पाखडत होती. बारीक, काळी, गालफडे वर आलेली; हातापायांच्या सांध्यांवर सूज होती. खालच्या बाजूला, काही घरे सोडून, एका अंगणात माणसे बसली होती आणि तिथे आवाज नव्हता.

"मावशी, या ऑफिसच्या मॅडम," अंकुश म्हणाला.

मंगळीने सूप खाली ठेवले. मेघालीला आपादमस्तक पाहिले. "हीच का ती बंद करनारी?"

अंकुश काही बोलायच्या आत मेघाली म्हणाली, "हो. मीच."

"लानशी हाय," मंगळी अंकुशला म्हणाली. "माला वाटलं, मोठी कोन बाय आसंल."

मेघालीने पुडी पुढे केली. मंगळीने ती लगेच घेतली नाही; तळहाताने तिचे वजन पाहावे तसा हात खाली धरला आणि मग घेतली. "आता माझी चालू झाली?"

"झाली."

"मग ही दुसरी कोनाची?" पिशवीतून दुसऱ्या पुडीचा कोपरा दिसत होता.

मंगळी खालच्या अंगणाकडे पाहत होती. "ती बोलायची, आपून दोघी मंगळवारच्या. एक दिवस तिला गोळी, एक दिवस माला. एखाद दिवशी मी बोलायची, आज तू खा, तुझं लय दुखतंय. तर बोलायची, नाय, आज तुझा वार." ती हसली, आणि हसताना तिने तोंडावर पदर घेतला. "लय भांडखोर होती. गोळीसाठी नाय भांडली कधी."

मेघालीला वाटले, आपण इथे खाली बसावे, जमिनीवर, पण त्याचाही आपल्याला हक्क नाही. ती उभीच राहिली.

"तिची आता बंद करावी लागंल मावशी," अंकुश हळूच म्हणाला. "मॅडमला ते लिवावं लागतंच."

"कर ना. कोन नको बोलतं?" मंगळीचा आवाज एकदम कोरडा झाला. ती मेघालीच्या अगदी जवळ आली. तिच्या अंगाला नाचणीच्या कोंड्याचा वास होता. "पन सांगून कर, बाय. माझी केलीस तवा कोनी सांगलं नाय. मी दोन म्हयने या डोंगरावर हाय का नाय, माझं मालाच कळंना. आता तिची करतेस तर तिला सांगून कर."

मेघालीने अंकुशकडे पाहिले. तो वाटेकडे पाहत होता. खालच्या अंगणातली माणसे आता यांच्याकडे माना वळवून बघू लागली होती. ज्या शब्दासाठी तिला आजवर एका बटणापलीकडे काही लागले नव्हते, तो शब्द आता पायांनी टेकाड उतरून न्यायचा होता.

ती उतरली. वाटेत दगड निसटत होते, मंगळी तिच्या मागून येत होती, दम लागल्यावर थांबत होती, पुन्हा येत होती. अंगणातल्या माणसांनी तिला जागा करून दिली. चटईवर, पांढऱ्या कापडाखाली, ती बाई होती जिचे नाव तिने पुष्कळदा वाचले होते आणि जिचा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. मेघाली तिच्या उशाशी वाकली.

"मंगळी," ती म्हणाली. तिने पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, "मंगळी, तुझं नाव मी बंद करते आहे."

मागून वरच्या मंगळीचा धापेने तुटलेला आवाज आला.

"हां. आता कर."